फाउंड्रीत डॉक्टर म्हणून जायचंय: आधी कोर्स, की आधी काम?

डॉक्टर, तुमचा प्रश्न मला असा कळला. मिरजेत काही वर्षं जनरल प्रॅक्टिस केल्यावर कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीनं तुम्हाला रोज दोन तासांसाठी बोलावलंय. कामगार दीडशेच्या घरात, त्यातले निम्मे ठेकेदाराकडचे. ओएचसीत, म्हणजे कारखान्यातल्या आरोग्य केंद्रात, एक सिस्टर आहेत. एचआर म्हणतं की काम म्हणजे बीपी-शुगर बघायची, किरकोळ जखमा, वर्षातून एकदा मेडिकल आणि फिटनेसवर सह्या. हे एवढंच नसणार असं तुम्हाला वाटतंय, पण एमबीबीएसला या विषयाची धड तोंडओळखही झालेली नाही. म्हणून एएफआयएच (असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ) हा औद्योगिक आरोग्याचा कोर्स आधी करावा, एखादा छोटा ऑनलाइन कोर्स चालेल, की सरळ रुजू व्हावं, असं तुम्ही विचारलंय. आणि सिस्टरांना काय शिकवता येईल, हेही.

कोर्सचं आधी सांगून टाकतो, ते सोपं आहे. एएफआयएच हा एमबीबीएस झालेल्यांसाठीचा तीन महिन्यांचा कोर्स. मुंबईत सायनची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट हे त्याचं आपल्याकडचं जुनं ठिकाण. फाउंड्री ही जुन्या कारखाने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या धोकादायक प्रक्रियांत मोडते. महाराष्ट्राच्या नियमांत अशा कारखान्यांसाठी ५० पर्यंत कामगार असतील तर रिटेनर (ठरावीक मानधनावर लागेल तेव्हा येणारा) डॉक्टर, ५१ ते २०० असतील तर अर्धवेळ आणि त्यापुढे पूर्णवेळ, अशा पायऱ्या आहेत. या नेमणुकांसाठी एमबीबीएससोबत औद्योगिक आरोग्याचं किमान तीन महिन्यांचं प्रशिक्षण मागितलं जातं. तेव्हा एएफआयएच करायचंच आहे, प्रश्न फक्त कधी एवढाच. ते तुमच्या परिस्थितीवर आहे: दवाखाना तीन महिने दुसऱ्याच्या हवाली करता येतो का, घरचं काय, कंपनी खर्च आणि रजा देते का. नेमणूक पूर्णवेळ असती तर मी म्हटलं असतं, आधी कोर्स करा. दोन तासांच्या कामाला, कंपनी वर्षभरात पाठवण्याचं लेखी देत असेल आणि नियमाची बाजू डिशच्या (औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या) कार्यालयात विचारून घेतली असेल, तर आधी रुजू व्हा. डोळ्यांपुढे एक खरी फाउंड्री असलेला माणूस त्या तीन महिन्यांत दुप्पट शिकतो, हे मी माझ्याकडून गेलेल्या तरुण डॉक्टरांच्या बाबतीत पाहिलंय. छोटे ऑनलाइन कोर्स शब्दांची ओळख व्हायला चांगले आहेत. त्यांनी कायद्याची अट भागत नाही.

पण तुमचा खरा प्रश्न कोर्सचा नाही असं मला वाटतं. पहिल्या दिवशी त्या खोलीत बसल्यावर समोर येणाऱ्या माणसाकडे दवाखान्यातल्यापेक्षा वेगळं काय म्हणून बघायचं, हा तो प्रश्न आहे. दवाखान्यात आपण आजारातून माणसाकडे जातो. इथं कामातून माणसाकडे यावं लागतं. म्हणून पहिली शिकवणी रोगांची नाही, कामाची. मी सांगली-मिरज पट्ट्यात ज्यांना ज्यांना तयार केलं त्यांना पहिला आठवडा स्टेथोस्कोप बाजूला ठेवून प्लँटमध्ये फिरायला लावलं, आणि तुम्हालाही तेच सांगेन.

फिरायचं कसं, तर मालाच्या वाटेनं. वाळू कुठून येते, मोल्ड (ओतायचा साचा) कुठं होतो, कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) कुठं, भट्टी कुठली, ओतकाम कुणी करतं, नॉकआउटला मोल्ड फोडतात तेव्हा धूळ कुठल्या दिशेला जाते, आणि फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला, माणसं कशी बसतात. प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ गप्प उभं राहा. मग कामगाराला विचारा, सुपरवायझरला नव्हे, की इथं सगळ्यात त्रासाचं काम कुठलं आणि ते कधी असतं. हे 'कधी' फार महत्त्वाचं आहे. इंडक्शन भट्टीचं जुनं लायनिंग (आतलं अस्तर) फोडून नवं भरायचं काम घ्या. त्यातला मसाला बहुतेक सगळा सिलिका असतो आणि धूळ भयंकर उडते. हे काम पुष्कळदा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, ठेकेदाराची चार पोरं लावून होतं. सकाळी अकरा ते दुपारी एक येणाऱ्या डॉक्टरला ते कधीच दिसत नाही. सगळ्यात घाणेरडं काम आपल्या वेळेच्या बाहेर होतं, हे गृहीत धरूनच चौकशी करा. महिन्यातून एकदा तरी रात्रपाळीला आणि एकदा सुट्टीच्या दिवशी चक्कर मारा.

आणखी एक दृश्य तुम्हाला तिथं हमखास दिसेल. पाळी सुटताना माणसं कॉम्प्रेसरच्या हवेचा पाइप घेऊन अंगावरची, कपड्यांवरची धूळ उडवतात. त्यांना ते स्वच्छतेचं वाटतं. त्या अर्ध्या मिनिटात नाकातोंडाशी जेवढी बारीक धूळ येते तेवढी कदाचित कामाच्या तासाभरातही येत नसेल. शिवाय दाबाची हवा डोळ्यात, कानात किंवा जखमेत गेली तर वेगळाच अनर्थ. फुप्फुसात खोलवर जाणारी धूळ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. दिसते ती जाडी धूळ नाकात, घशात अडकते. म्हणून 'आज धूळ कमी आहे' या वाक्यावर विश्वास ठेवू नका, आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा टॉवेल म्हणजे बचाव, असंही समजू नका.

आता कामाचा इतिहास. केसपेपरवर 'व्यवसाय: नोकरी' असं लिहिण्याची आपल्याला सवय आहे. इथं ते चालत नाही. पहिल्या कामापासून आजच्या कामापर्यंत क्रमानं विचारा: काय करायचा, किती वर्षं, धूळ किंवा वाफ यायची का, बरोबरच्या कुणाला तसाच त्रास होता का. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, सहसा दहा किंवा जास्त वर्षांच्या धुळीनंतर उघड होतो. धूळ फार असेल तर त्याच्या आतही होतो, आणि काम सोडल्यावरही वाढत राहतो. त्यामुळे तुमच्या फाउंड्रीत दोन वर्षांपूर्वी लागलेल्या माणसाच्या छातीतली धूळ आधीच्या खडी क्रशरची असू शकते. हे नीट नोंदवणं कामगाराच्या हिताचं आहे आणि कंपनीच्याही.

आपल्या भागात या इतिहासाला अजून एक पदर आहे, जो मुंबईच्या वर्गात तुम्हाला कुणी सांगणार नाही. आपला कामगार पुष्कळदा अर्धा शेतकरी असतो. पहिली पाळी करून तीन-साडेतीनला सुटतो आणि संध्याकाळी तासगाव किंवा कवठेमहांकाळच्या वाटेवरच्या आपल्या द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर लावतो. विट्याकडचा असेल तर घरी यंत्रमाग असतो. सुट्टीत कुणी बेदाण्याच्या शेडवर जातो, तिथं गंधकाची धुरी असते आणि सल्फर डायऑक्साइडनं दमा चाळवतो. कुणाच्या घरचे हळदीच्या पॉलिशला जातात. म्हणून 'काय काम करता?' एवढं विचारून थांबू नका. 'कालच्या सकाळी उठल्यापासून आज इथं येईपर्यंत काय काय केलं, सांगा' असं विचारा. ऐकायला पाच मिनिटं जास्त लागतात, पण निम्मी कोडी तिथंच सुटतात.

एक उदाहरण देतो. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत रात्री एखादा धडधाकट माणूस येतो. तोंड लालबुंद, डोकं फुटतंय, छाती धडधडते, उलट्या, बीपी खाली. घरचे म्हणतात, औषधाची बाधा. आपला हात अॅट्रोपिनकडे, म्हणजे कीटकनाशकाच्या विषबाधेवरच्या औषधाकडे जातो. पण बाहुल्या बारीक झालेल्या नाहीत, लाळ गळत नाही. विचारल्यावर कळतं की दिवसभर छाटलेल्या काड्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग केलं (डोळे फुटावेत म्हणून ते काड्यांना लावतात) आणि घरी येऊन थोडी दारू घेतली. हे रसायन शरीरात दारू पचवणारं एक एन्झाइम अडवून धरतं, अॅसिटाल्डिहाइड साचतं आणि दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी घेतलेल्या माणसानं दारू प्यावी तसा प्रकार होतो. पेस्टिंगच्या आधी आणि नंतर काही दिवस दारूला शिवायचं नाही, हे एक वाक्य छाटणीच्या आधी बागायतदारांना आणि मजुरांना सांगितलं तर हा प्रसंग टळतो. तुमच्या फाउंड्रीतल्या नोटीस बोर्डावरही ते लावा. तिथले कितीतरी जण बागायतदार असतील.

फवारणी करणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज (काही कीटकनाशकांनी घटणारं एन्झाइम) तपासायचं असेल तर हंगाम सुरू व्हायच्या आधी एकदा तपासा. माणसामाणसांत त्याची पातळी इतकी वेगळी असते की लॅबच्या 'नॉर्मल' रेंजमध्ये बसलेला आकडाही एखाद्यासाठी मोठी घसरण असू शकतो. त्याच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याच्या ७० टक्क्यांवर लाल पेशींतलं कोलिनेस्टरेज आलं, की त्याला फवारणीपासून बाजूला करायचं. आधीचा आकडाच नसेल तर नंतरच्या आकड्याचा उपयोग फार थोडा.

यावरून मी तपासण्यांकडे येतो, कारण वर्षाचं मेडिकल हा तुमच्या कामाचा सगळ्यात दिसणारा भाग असेल आणि सगळ्यात वाया जाणाराही. एक व्हॅन येते, एका दिवसात दीडशे माणसांचं रक्त, ईसीजी, एक्स-रे, ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) होते, फायली कपाटात जातात. तपासणी करण्याआधी 'या माणसाच्या कामात काय आहे आणि ते शरीरात कुठं दिसेल' हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. प्लेटिंगचं काम असेल तर टॉर्च घेऊन नाकात बघा, क्रोमियमनं नाकाचा पडदा झिजतो, भोक पडतं, आणि दुखत नाही म्हणून माणूस सांगत नाही. कोल्ड बॉक्स पद्धतीनं (न तापवता, रसायनानं वाळू घट्ट करून) कोअर होत असतील तर तिथं आयसोसायनेट आहे, म्हणजे दम्याबद्दल विचारा. तिथल्या अमाइनच्या वाफेनं काही तास निळसर धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. तो माणूस मोटारसायकलवरून घरी जाणार असतो, तेव्हा हेही विचारा. ओतकाम करणाऱ्याचं पाळीच्या शेवटी डोकं दुखतं का, ते विचारा. मोल्डमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि बोटाला लावायचा साधा पल्स ऑक्सिमीटर त्यात ९८ टक्के दाखवत राहतो. त्या आकड्यावर जाऊ नका.

ऑडिओमेट्रीचं तर हमखास बिघडतं. मोठ्या आवाजातून आलेल्या माणसाचा कान काही तास तात्पुरता मंद झालेला असतो. पाळीच्या मध्यात मशीनवरून उठवून आणलेल्या माणसाची तपासणी केली तर कायमचं नुकसान आणि तात्पुरतं यांत फरक करता येत नाही. आदल्या पाळीपासून सोळाएक तास शांततेत गेलेले असावेत. म्हणून साप्ताहिक सुट्टीनंतरच्या दिवशी, पाळी सुरू व्हायच्या आधी करा. व्हॅनवाल्यांना हे गैरसोयीचं असतं. तरी तारीख तुम्ही ठरवा. आवाजाची मर्यादा आपल्याकडे आठ तासांना ९० डेसिबल आणि पुढे दर पाच डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे ९५ ला चार तास, १०० ला दोन. फेटलिंग शॉपमध्ये उभं राहून शेजारच्याशी ओरडून बोलावं लागलं तर मीटर आणायची वेळ आली, एवढं समजा. ऑडिओग्रामवर ४००० हर्ट्झच्या आसपास खळगा दिसतो. त्या वेळी माणसाला बोलणं नीट ऐकू येत असतं, म्हणून तो तक्रार करत नाही, आणि नेमका तेव्हाच काही करता येतं.

श्वासाच्या त्रासात वाराला किंमत आहे. सुट्टीच्या दिवशी बरं आणि कामावर आलं की पुन्हा सुरू, असं असेल तर कामाचा दमा डोक्यात आणा आणि पीक फ्लो मीटर (फुंकण्याचा जोर मोजणारं साधन) घरी देऊन दोन-तीन आठवडे, दिवसातून चारदा नोंदी करायला लावा, सुट्टीचे दिवस धरून. सूतगिरणीतला माणूस सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते म्हणाला तर बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीचा आजार. साखर कारखान्यात जुन्या, बुरशी धरलेल्या बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) ढिगावर काम केल्यानंतर काही तासांनी ताप, थंडी, खोकला, धाप आली आणि दुसऱ्या दिवशी उतरली, तर फ्लू म्हणून सोडू नका. मात्र आपल्याकडे सुट्टी रविवारचीच असते असं नाही. त्याची सुट्टी कुठल्या वाराची, ते आधी विचारा.

क्षयाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथं माणसांचं खरोखर नुकसान होतं. फेटलिंगचा किंवा क्रशरचा माणूस, खोकला, वजन उतरलेलं, एक्स-रेमध्ये वरच्या भागात डाग. थुंकीत काही सापडत नाही तरी क्षयाची औषधं सुरू होतात, सहा महिने संपतात, डाग तसेच, पुन्हा सुरू होतात. कुणी काम विचारलेलं नसतं, आणि औषध चालू असतानाही तो त्याच धुळीत जात असतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे: सिलिकोसिस असणाऱ्याला क्षय होण्याचा धोका बराच जास्त असतो, त्यामुळे 'ही धूळच आहे' म्हणून थुंकीची तपासणी टाळायची नाही. दोन्ही शोधायचं. राष्ट्रीय कार्यक्रमात सिलिकोसिसवाल्यांचा क्षयप्रतिबंधक उपचारासाठीही विचार होतो. एक्स-रे वाचायला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, आयएलओची, ठरावीक वर्गीकरणाची पद्धत आहे. एएफआयएचमध्ये ती लक्ष देऊन शिका, आणि मिरजेतल्या एखाद्या छातीच्या किंवा एक्स-रेच्या डॉक्टरांशी आत्तापासून ओळख ठेवा. सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. धुळीतून बाहेर काढणं हाच उपाय, आणि तो प्रिस्क्रिप्शनवर लिहून होत नाही. त्यासाठी मालकाच्या केबिनमध्ये जावं लागतं.

तिथं जाताना हातात काय न्यायचं? एका माणसाचा रिपोर्ट नेऊ नका. फायली आपण आडव्या वाचतो, एका माणसाच्या सगळ्या तपासण्या. तुम्ही त्या उभ्या वाचायला शिका, एका विभागातल्या सगळ्या माणसांची एकच तपासणी, गेल्या तीन-चार वर्षांची. फेटलिंगच्या बारा जणांपैकी सात जणांचा कान चार वर्षांत खाली गेला, तर ती सात माणसांची तक्रार राहत नाही, त्या जागेचा दोष होतो. नावं न घेता तो तक्ता मांडता येतो आणि मालकालाही तो कळतो. मग मागणीचा क्रम लक्षात ठेवा. आधी धूळ होऊच नये असं काही करता येतं का, कोरड्या झाडूऐवजी पाणी किंवा व्हॅक्यूम येतो का. नंतर जिथं धूळ उठते तिथंच ओढून घेणारा एक्झॉस्ट. नंतर माणसांच्या पाळ्या. मास्क सगळ्यात शेवटी, आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा, दाढी असेल तर बसत नाही हे सांगून. एचआर मास्कपासून सुरुवात करतं, कारण तो लगेच विकत आणता येतो. तुम्ही वरून सुरुवात करा.

बंदिस्त जागेची एक गोष्ट फाउंड्रीच्या बाहेरची आहे, पण सांगलीत काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टर-सिस्टरला माहीत हवी. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, आपण सगळ्यांनी ऐकलीत. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं, ते कंदील आत सोडून बघत. त्या शहाणपणाबद्दल मला आदर आहे, पण आज त्यावर थांबता येत नाही. ज्योत विझते तेव्हा ऑक्सिजन साधारण १६-१७ टक्क्यांवर आलेला असतो, आणि १९.५ च्या खाली उतरणंच धोक्याचं. मळीची टाकी, डिस्टिलरीच्या सांडपाण्याची (स्पेंट वॉशची) टाकी, बायोगॅसचा खड्डा इथं तर हायड्रोजन सल्फाइड असतो, तो ज्योतीला कळत नाही, आणि पेटणारा वायू असेल तर ज्योतच स्फोट घडवते. एक जण आत कोसळला की त्याला काढायला दुसरा उडी मारतो आणि दोघेही जातात. मीटर लावल्याशिवाय, हवा खेळवल्याशिवाय, वर दोर धरून माणूस उभा असल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, आणि वाचवणाऱ्यानं तर नाहीच. तुमच्या प्रथमोपचाराच्या वर्गात पहिली शिकवण हीच ठेवा.

आता फिटनेस. 'फिट' हा शब्द एकटा लिहू नका. कशासाठी फिट? मिरगीचा रुग्ण ऑफिसात किंवा स्टोअरमध्ये उत्तम काम करेल, क्रेनवर किंवा भट्टीच्या तोंडाशी नाही. म्हणून कामाचं नाव लिहून 'या कामासाठी फिट', 'अमुक बंधनांसह फिट' किंवा 'तात्पुरता अनफिट, पुन्हा तपासणी तमुक तारखेला' असं लिहा. एचआरला एवढंच कळवायचं. निदान, एचआयव्ही, मानसिक आजाराची औषधं, बाईमाणसाची पाळी किंवा गरोदरपणाचा तपशील त्यांच्या टेबलावर जाता कामा नये. 'आम्हीच तुम्हाला पगार देतो' असं कुणीतरी कधीतरी म्हणेल. शांतपणे सांगायचं की पगार कंपनी देते, पण माणूस माझ्यापुढे रुग्ण म्हणून बसतो. कामगाराला याची खात्री पटली नाही तर तो खोकला लपवतो. ठेकेदाराचा माणूस तर नक्कीच लपवतो, कारण त्याच्या अनफिट शेऱ्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी गेटवर अडवणं असा असतो. त्यामुळे बंधन लिहिण्याआधी पर्यायी काम कुठलं देता येईल हे सुपरवायझरशी बोलून ठेवा. माणसाची रोजीरोटी तोडून त्याची फुप्फुसं वाचवल्याचं समाधान मला कधी वाटलेलं नाही.

कायद्याचं थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० लागू झाली आहे. कलमांचे आकडे बदलतील, पण एक कर्तव्य जुन्या कायद्यात होतं आणि नव्यातही आहे: अनुसूचीतला व्यावसायिक आजार आढळला किंवा त्याचा संशय आला, तर तपासणाऱ्या डॉक्टरनं स्वतः विनाविलंब लेखी कळवायचं. हे फक्त कारखान्याच्या डॉक्टरला लागू नाही. तुमच्या मिरजेच्या दवाखान्यात संध्याकाळी आलेला कारखान्यातला माणूसही त्यात येतो. जुन्या तिसऱ्या अनुसूचीत असे २९ आजार आहेत, शिसं, क्रोमियम, सिलिकोसिस, आवाजानं येणारं बहिरेपण, कामानं होणारा त्वचारोग वगैरे. त्या यादीची प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवा. आपल्या भागात बीएएमएस, बीएचएमएस झालेले कितीतरी सहकारी एमआयडीसीच्या आसपास प्रॅक्टिस करतात. एएफआयएच त्यांच्यासाठी नाही, पण कामगार आधी त्यांच्याकडेच जातो, म्हणून ही यादी आणि कामाचा इतिहास घेण्याची पद्धत त्यांच्याशीही बोला.

सराव करायला जागा हवी असेल, तर लांब जाऊ नका. मिरज हे दवाखान्यांचं गाव. तुम्ही ज्या हॉस्पिटलात केस पाठवता तिथंच फिरा, त्याच नजरेनं. सुई टोचल्यावर काय करायचं हे मावशींना माहीत आहे का? हिपॅटायटिस बीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी, सगळ्यांना मिळालेत का, आणि शेवटच्या डोसनंतर महिन्या-दोन महिन्यांनी अँटिबॉडी १० एमआययू/एमएलच्या वर आल्याची खात्री केली का? जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कचरा हाताळणाऱ्यांचं लसीकरण आणि वर्षातून एकदा तपासणी सांगितली आहे. संसर्गित सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका हजारात तीनच्या आसपास, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा शंभरात तीसपर्यंत. घाबरतात सगळे पहिल्याला. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावीत आणि २८ दिवस चालावीत. रात्री दोन वाजता ती कुठल्या कपाटात सापडतील, हे विचारून बघा. आपण आरोग्यसेवक स्वतःच कामगार आहोत हे या फेरीत कळतं, आणि मग फाउंड्रीत गेल्यावर नजर बदललेली असते.

सिस्टरांबद्दल विचारलंत, याचा मला आनंद झाला, कारण ओएचसी खरं तर त्या चालवतात. तुम्ही दोन तास, त्या पूर्ण पाळी. त्यांना पहिली गोष्ट शिकवा ती ड्रेसिंगचं रजिस्टर लिहायची. 'बोटाला जखम, ड्रेसिंग केलं' यातून काही कळत नाही. विभाग, मशीन, कुठला हात, किती वाजता, पाळीचा कितवा तास, माणूस कायमचा की ठेक्याचा, कामावर किती दिवस झाले, हे रकाने आखून द्या. महिन्यानं दोघांनी मिळून ते वाचा. एकाच ग्राइंडरवर डोळ्यात कण जाण्याचे प्रसंग जमलेले दिसले तर तिथं गार्ड तुटलेलं असतं. नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात चक्कर येत असेल, तर एप्रिल-मेमध्ये भट्टीजवळ त्यांना सवय होऊ न देता पूर्ण पाळी लावलेली असते. उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, पहिल्या दिवशी थोडा वेळ आणि रोज वाढवत न्यायचं. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, हीही सिस्टरांनाच नीट शिकवा. माणसाला जोरानं आणि शेवटपर्यंत फुंकायला लावणं हे कौशल्य आहे, आणि आपल्या लोकांना आपल्या भाषेत हुरूप देत ते करून घेणं डॉक्टरांपेक्षा त्यांना जास्त चांगलं जमतं.

म्हणजे क्रम असा होतो: पहिला आठवडा प्लँटमध्ये, मग प्रत्येक विभागाची एक वही, त्यात काय वापरतात आणि त्याचा शरीरावर परिणाम काय. मग जुन्या फायली उभ्या वाचणं, मग तपासण्यांचं वेळापत्रक आपल्या हातात घेणं, आणि सोयीच्या बॅचला एएफआयएच. रसायनांचे सेफ्टी डेटा शीट स्टोअरमध्ये मागा. ते 'आहेत' म्हणतील, कागद हातात घेऊन बघा.

रुजू व्हायच्या आधी मात्र नेमणुकीच्या पत्रात चार गोष्टी लिहून घ्या. प्लँटमध्ये कुठल्याही वेळी, कुठल्याही विभागात जाण्याची मुभा. वैद्यकीय फायलींचं कपाट आणि किल्ली ओएचसीच्या ताब्यात. ठेकेदाराच्या कामगारांची तपासणी कायम कामगारांसारखीच आणि त्यांच्या खिशाला हात न लावता. आणि एएफआयएचसाठी रजा व खर्च. बोलून हे सगळं लगेच मान्य होतं, पत्रात येताना वेळ लागतो. तेवढा वेळ थांबा. पहिल्या आणि तिसऱ्या अटीला ते लेखी नकार देत असतील तर ही नोकरी घेऊ नका. कुपवाडला, मिरज एमआयडीसीत, पलूसकडे डॉक्टर हवे असलेले कारखाने आणखी आहेत.